धुराच्या वरची हवा

यंदाही धूर आला. कॅनडातली जंगलं पेटली की दोन-तीन दिवसांत तो वाऱ्याबरोबर मिनेसोटात उतरतो. सकाळी पडदा सारला तर समोरच्या घरांचे कोपरे पुसट झालेले असतात, आणि मेपलच्या मागून तांबडा, निस्तेज सूर्य वर येत असतो. त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं, आणि नेमकं हेच मला सोसत नाही. सूर्याकडे माणसाला असं टक लावून बघता येऊ नये.

सुरेश फोनवर हवेच्या प्रदूषणाचा रंग बघतो आणि चहा पिता पिता मला सांगतो, "आज लाल आहे. दुपारी जांभळा होईल म्हणतायत." मी खिडक्या लावून घेते, दारांच्या फटींशी टॉवेल सारते. एअर प्युरिफायर घरघरत असतो. ईडन प्रेरीतल्या आमच्या रस्त्यावर नव्याने राहायला आलेली तरुण मराठी मंडळी म्हणतात, "काकू, कॅम्पफायरसारखा वास येतोय ना?" येतो, पहिल्या दिवशी तसा येतो. दुसऱ्या दिवशी त्याला शिळेपणा चढतो. मग तो वास उरतच नाही, जिभेवर कळकलेल्या पितळेसारखी चव बसते आणि ती कशानंही जात नाही. हे मी त्यांना सांगत नाही. हसून "हो ना" म्हणते आणि दार लावून घेते.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं मोंटानाच्या डोंगरांत चालत होतो. मी, माझा नवरा सुरेश आणि गजभियेदादा.

दादा आमच्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. मूळचे नागपूरचे, वडील कापडगिरणीत. शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आलेले, आणि एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून बरीच वर्षं रुळलेले. आम्ही पुण्याहून नवेनवे आलो तेव्हा इथल्या बर्फात गाडी कशी चालवायची ते सुरेशला त्यांनी शिकवलं. त्यांच्या घरी शांतावहिनी आणि मुलगी उज्ज्वला. वहिनी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होत्या. उज्ज्वला तेव्हा हायस्कूलमध्ये होती. आपण मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं चालायचं.

दादांना डोंगरांचं वेड होतं. त्या काळी मराठी मंडळींच्या जेवणांना नवा माणूस आला की पहिल्या पाच मिनिटांत आडनाव, गाव आणि मग "म्हणजे तुम्ही कोणते?" असं आडवळणानं विचारलं जाई. दादा शांतपणे उत्तर देत. पुढच्या शनिवारी पाठीवर सॅक टाकून कुठल्यातरी टेकडीवर जात. एकदा मी त्यांना विचारलं, इतकं चालून तुम्हाला मिळतं काय? म्हणाले, "डोंगर आडनाव विचारत नाही, मीना. फक्त दम विचारतो. तेवढा आहे माझ्याकडे."

लहानपणी त्यांना क्षय झाला होता. तो पूर्ण बरा झाला होता, एक्स-रेवर जुना वण तेवढा दिसायचा. रोज ते चालत, दर उन्हाळ्यात डोंगर चढत. आमच्यात दमानं सगळ्यात पक्के तेच होते. कितीतरी वर्षं त्यांच्या मनात तो कॉन्टिनेंटल डिव्हाइडचा ट्रेल होता. खंडाची पाठ म्हणावी अशी ती डोंगररांग. तिच्या एका अंगाला पडलेलं पाणी पॅसिफिकला जातं, दुसऱ्या अंगाचं अटलांटिककडे. सगळा ट्रेल चालायचा तर महिनेच्या महिने लागतात. आम्ही मोंटानातला एक लांबलचक तुकडा निवडला होता आणि त्यासाठी तिघांनी सुट्ट्या जुळवल्या होत्या. वहिनींनी सातूच्या पिठाच्या पिशव्या भरून दिल्या, जवसाची चटणी दिली. निघताना दादांना म्हणाल्या, "चढावर बोलत जाऊ नका. बोललात की थकता."

त्या वर्षी पश्चिमेत पाऊस नव्हता. यलोस्टोन जळत होतं, रोज टीव्हीवर दिसत होतं. आम्ही जिथून चढणार होतो तिथल्या चौकीत दादांनी रेंजर बाईंना दोनदोनदा विचारून घेतलं. भिंतीवरच्या नकाशावर लाल टाचण्या होत्या, आमच्या वाटेपासून लांब. ट्रेल उघडा होता. बाई म्हणाल्या, धूर लागेल थोडा, वाऱ्यावर आहे. ते खरंच होतं. त्यांनी काही लपवलं नव्हतं आणि आम्हीही काही दुर्लक्षिलं नव्हतं. नंतरच्या काळात मी त्या पाच मिनिटांच्या बोलण्याला कितीदा तरी उलटसुलट करून पाहिलं आहे. त्यात कुणाची चूक सापडत नाही. सापडली असती तर कदाचित सोपं गेलं असतं.

सुरुवातीचे दिवस मला आजही धुवून वाळत घातलेल्या कपड्यांसारखे स्वच्छ आठवतात. निळंभोर आभाळ, सकाळी तंबूवर दव, खडकांच्या बेचक्यांत उरलेलं मळकं बर्फ. डिव्हाइडच्या माथ्यावर पोचलो तेव्हा दादांनी बाटलीतलं पाणी अर्धं एकीकडे ओतलं, अर्धं दुसरीकडे. "हे चाललं जपानच्या बाजूला, हे न्यूयॉर्कला," म्हणाले आणि एकटेच बराच वेळ हसत राहिले. मी त्यांना इतकं हलकं कधी पाहिलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी पश्चिमेला आणखी एक डोंगररांग दिसायला लागली. तपकिरी, सपाट माथ्याची. सुरेश नकाशा काढून ती कुठली ते शोधू लागला. दादा म्हणाले, "नकाशात नाही मिळणार ती. धूर आहे तो."

दुसऱ्या दिवशी तो आमच्या खालच्या दऱ्यांत शिरला. आगीला आवाज असतो, ज्वाळा असते, माणूस तिच्यापासून पळू शकतो. धूर पळायला लावत नाही. तो येऊन शेजारी बसतो. सकाळी तो तळ्यांवर, दऱ्यांत साचून असे. दुपारी वारा सुटला की उचलला जाई. संध्याकाळी पुन्हा खाली बसे. चहात राखेचे बारीक कण पडत. पक्षी गप्प झाले होते. एकदा भरदिवसा हरणांचा एक मोठा कळप आमच्या अगदी जवळून गेला, आमच्याकडे न बघता, सगळे एकाच दिशेला. त्यांच्या खुरांचा आवाज थांबल्यावर जी शांतता पडली तिच्यात मला दादांचा खोकला पहिल्यांदा नीट ऐकू आला.

मी भूलतज्ज्ञ आहे. माझा सगळा जन्म दुसऱ्यांचे श्वास मोजण्यात गेला. ऑपरेशन थिएटरमध्ये माणूस झोपला की त्याचा श्वास माझ्या हातात येतो. रबरी पिशवी दाबायची, सोडायची, छाती वर येते, खाली जाते. त्या काळात मला वाटे, श्वास ही गोष्ट मला कळली आहे. दादांचा खोकला ऐकून मी त्यांच्या पाठीला कान लावला. स्टेथोस्कोप घरी होता. सुट्टीवर जाताना कोण नेतं? आतून बारीक शीळ ऐकू येत होती.

"काय म्हणतंय आतलं?" त्यांनी विचारलं.

"उद्या परत फिरायचं," मी म्हटलं.

"माझ्यामुळे?"

"धुरामुळे."

त्यांनी वाद घातला नाही. तेव्हाच मी घाबरले.

सकाळी ते बुटाच्या नाड्या बांधायला वाकले आणि अर्ध्यावर थांबले. एक बूट बांधून त्यांना विश्रांती घ्यावी लागली. नखांचा रंग उडाला होता. आम्ही एका तळ्याकाठी होतो. गाडीरस्त्याला उतरणारी वाट दरीतून जात होती, दिवसभराची चाल, आणि ती दरी धुरानं काठोकाठ भरलेली. वर, आमच्या डोक्यावर, एक खिंड होती आणि तिच्यापलीकडे निळं आभाळ दिसत होतं. खाली मदत होती, वर हवा होती. दोन्ही एका ठिकाणी नव्हतं.

मी म्हटलं, दादांना त्या दरीतून चालवत न्यायचं नाही. सुरेशनं खाली जाऊन माणसं आणायची. मी त्यांना घेऊन खिंडीत चढते, हळूहळू, सामान इथेच टाकून.

"तू एकटी?" सुरेश म्हणाला.

"तू दरीत एकटाच असशील."

त्यानं टॉवेल ओला करून नाकातोंडावर बांधला. दादांजवळ उकिडवा बसला. दादा म्हणाले, "पळू नकोस. धुरात पळायचं नसतं." सुरेशनं मान हलवली आणि तो निघाला. थोड्याच अंतरावर तो राखाडी झाला, मग दिसेनासा झाला.

त्याआधी मी स्टोव्हवर होती नव्हती ती सगळी कॉफी उकळली, अगदी काळीकुट्ट. कॉफीनं श्वासनळ्या थोड्या सैलावतात. माझ्याजवळ औषध म्हणावं असं तेवढंच होतं. दादांनी तोंड वाकडं करत ती प्यायली. "शांता पाहिजे होती," म्हणाले. "तिनं साखर घातली असती."

त्या चढाला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. चार पावलं आणि थांबा. ते माझ्या खांद्यावर हात टाकून चालत. वहिनींचं ऐकून ते चढावर बोलले नाहीत. खिंडीत पोचलो आणि खरोखरच धूर आमच्या पायाखाली राहिला. आजही डोळे मिटले की मला ते दिसतं. खाली पांढुरका समुद्र, त्यातून वर आलेले सुळके बेटांसारखे, आणि आमच्याभोवती थंड, कोरडी, विरळ का होईना पण स्वच्छ हवा. दादा एका वाकड्या पाईनला टेकून बसले. हळूहळू त्यांच्या ओठांना रंग आला. पाठीतली शीळ मंदावली. मी मनात म्हटलं, सुटलो.

ते बोलायला लागले. अडखळत, मध्येमध्ये थांबत, पण बोलले. वडिलांविषयी. "बाबा गिरणीतून यायचे ना, तर भुवयांवर कापूस असायचा. आम्ही हसायचो. म्हातारा झाला बाबा, म्हणायचो. तोच कापूस छातीत गेला. शेवटी शेवटी ते बसूनच झोपायचे, असे भिंतीला टेकून." मग स्वतःच आपल्या बसण्याकडे पाहिलं. मी विषय बदलायला उज्ज्वलाचं विचारलं. ती ड्रायव्हिंग शिकत होती. "ब्रेक फार जोरात मारते," म्हणाले. "मी ओरडलो तिच्यावर. उगाच ओरडलो."

दुपारी वारा सुटला. रोजच सुटत असे. खालचा पांढरा समुद्र हलला, फुटला आणि वर यायला लागला. त्या वाऱ्यानं दरीतली वाट मोकळी केली, सुरेशची वाट. आणि दरीत होतं ते सगळं उचलून खिंडीत आणलं. पळायला आणखी वर जागा नव्हती. मी ओला रुमाल त्यांच्या तोंडावर धरला, त्यांना माझ्या अंगाचा आडोसा केला. धुराला आडोसा कळत नाही.

त्यांना भीती वाटली. शहाण्या, शांत माणसालाही हवा मिळेनाशी झाली की तो शांत राहत नाही. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नंतर कित्येक दिवस तिथे निळे वळ होते. एकदा वारा जरा पडला तेव्हा त्यांनी विचारलं, "सुरेश पोचला असेल का गं?"

"पोचला असेल," मी म्हटलं.

त्यानंतर ते बोलले नाहीत. ते थांबले तेव्हा मी त्यांना आडवं केलं, छाती दाबली, तोंडानं श्वास दिला. किती वेळ, मला माहीत नाही. मला एवढंच कळत होतं की मी त्यांना देत होते त्या श्वासातही धूरच होता.

रात्रीबद्दल मी काही सांगणार नाही. सकाळी सुरेश दोन रेंजर आणि खेचरं घेऊन वर आला. हेलिकॉप्टर तयार होतं, पण खालचं काही दिसत नसल्यामुळे उडू शकलं नव्हतं. सुरेशनं लांबूनच माझ्याकडे पाहिलं आणि तो चालायचा थांबला. जवळ आल्यावर त्यानं फक्त "कधी?" एवढं विचारलं. मी म्हटलं, "दुपारी. वारा सुटल्यावर." तो मटकन खाली बसला. का, ते त्यानं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेही एकदाच. त्या दुपारी वारा सुटला आणि दरीतला धूर उडाला, समोर वाट लख्ख दिसली, तेव्हा त्याला इतका आनंद झाला होता की तो मोठ्यानं हसला होता.

रस्त्यावर पोचल्यावर पेट्रोलपंपाबाहेरच्या फोनवरून मी वहिनींना फोन लावला. उज्ज्वलानं उचलला. "हाय मावशी! मॉम इज ॲट वर्क. यू गाइज आर अर्ली. इज डॅड देअर?" मागे टीव्ही चालू होता. मी तिला म्हटलं, मी आईला हॉस्पिटलच्या नंबरवर फोन करते. "ओके," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज एकदम लहान झाला. "मावशी, इज डॅड देअर?" मी काय बोलले ते मला आठवत नाही. टीव्ही कुणीतरी बंद केल्याचं आठवतं. घरात तर ती एकटीच होती.

अंत्यविधीला वहिनींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, न अडखळता. लोक म्हणाले, बाई खंबीर आहेत. आडनावं विचारणारेही आले होते. त्यांनीच जेवणाचे डबे आणले, खुर्च्या मांडल्या, आणि ते मनापासून रडले. माणसं अशी असतात, मला त्यांचं नवल वाटलं नाही आणि रागही आला नाही. त्या दिवशी माझ्यात रागाला जागाच नव्हती.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला त्या शनिवारी वहिनींनी मला बोलावलं. स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. त्या म्हणाल्या, "आता सांग. सगळं."

"वहिनी, रिपोर्टमध्ये आहे तेच..."

"रिपोर्ट मला वाचता येतात, मीना. रोज तेच करते मी. रिपोर्टमध्ये माणूस नसतो. त्रास झाला का?"

"झाला."

"घाबरले होते?"

मला खोटं बोलता आलं असतं. रोज किती नातेवाइकांशी आम्ही डॉक्टर लोक मऊ मऊ बोलतो. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मी "हो" म्हटलं. मनगट दाखवलं, आता तिथे काही नव्हतं तरी. मग सगळं सांगितलं. कॉफी, साखर, बाबांच्या भुवया, ब्रेक, वारा.

"माझं नाव घेतलं शेवटी?"

"नाही. सुरेश पोचला असेल का, एवढंच विचारलं."

बाहेर बर्फ पडत होता. वहिनी म्हणाल्या, "तसेच होते ते. घरातलं शेवटचं माणूस आल्याशिवाय ताटावर बसायचे नाहीत." आणि तेव्हा, त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदा, त्या रडल्या. मी उठून त्यांच्यामागे उभी राहिले आणि त्यांची पाठ वरखाली होताना माझ्या तळहाताखाली मला जाणवत राहिली.

मला कधीकधी प्रश्न पडतो, ते सांगायला हवं होतं का. माणसाच्या मरणाचं खरंखोटं करून काय मिळतं? पण वहिनी नंतर म्हणाल्या, रोज रात्री त्या मनाशी नवनवे शेवट रचत होत्या, आणि प्रत्येक शेवट खऱ्याहून भयंकर होता. निदान आता एकच उरला.

पुढच्या उन्हाळ्यात उज्ज्वला माझ्याकडे आली. तिला ती खिंड बघायची होती. सुरेशला विचारलं, तो नाही म्हणाला. त्यानंतर तो कुठल्याच डोंगरावर गेलेला नाही. वहिनी म्हणाल्या, "जा. ने तिला." आम्ही दोघी खालच्या दरीतूनच वर गेलो. उज्ज्वला पुढे चालायची, बापासारखीच, मागे वळून न बघता. तळ्याकाठी मुक्काम केला आणि सकाळी चढलो.

आदल्या वर्षी आम्ही उतरल्यावर काही आठवड्यांनी, सप्टेंबरात, आग त्या खिंडीपर्यंत पोचली होती. मला ते ऐकून माहीत होतं. पण ऐकणं वेगळं. खिंडीत नुसते काळे खांब उभे होते. जमिनीवर राखेतून गुलाबी फुलांचे तुरे वर आले होते, हजारो, आणि त्यांच्यावर मधमाश्या. हवा इतकी स्वच्छ होती की पार पलीकडच्या रांगेवरचे खडक वेगवेगळे दिसत होते. त्या हवेचा मला राग आला.

"विच ट्री?" उज्ज्वलानं विचारलं.

मी शोधलं. वाकडा पाईन शोधला, पण जळल्यावर कितीतरी झाडं वाकली होती. दगड ओळखीचे वाटत आणि जवळ गेलं की वाटेनासे होत. मी ज्या जागी आख्खी रात्र काढली ती मला सापडेना. कुठल्याही झाडाकडे बोट दाखवलं असतं तरी तिनं मानलं असतं.

"मला ओळखता येत नाही गं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. सॅक उतरवली आणि ती एका झाडाजवळ गेली. दोन्ही तळवे त्याच्या बुंध्यावर ठेवले, थोडा वेळ उभी राहिली. मग पुढच्या झाडाजवळ. मग त्याच्या पुढच्या. मी एका खडकावर बसून राहिले. ऊन चढलं, माझ्या सावलीनं जागा बदलली, आणि ती त्या काळ्या खांबांमधून एकेकापाशी थांबत हिंडत होती, एकही न वगळता. परत आली तेव्हा तिचे हात कोपरांपर्यंत काळे झाले होते, कपाळावरही काळं लागलं होतं.

"वन ऑफ देम इज इट, मावशी," ती म्हणाली. "आय टच्ड देम ऑल."

मी तिची सॅक उचलून तिच्या पाठीवर चढवली, आणि आम्ही उतरायला लागलो.